घरच्या ब्रॉडबँडवर फाइल सर्व्हर ठेवण्यापूर्वी
बेळगावच्या उद्यमबागेतील लहान वर्कशॉपने ड्रॉइंगच्या फाइली मालकाच्या घरच्या ब्रॉडबँडवर ठेवायच्या ठरवल्या, तर आधी डाउनलोडचा नव्हे, अपलोडचा (घरातून बाहेर फाइल पाठवण्याचा) वेग मोजावा; तो १० एमबीपीएस असेल, तर निपाणीच्या ग्राहकाला १ जीबीची फाइल उतरवून घ्यायला किमान १३ मिनिटे लागतात. मग राउटरमधील वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असल्यास जोडणी सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे) असते आणि बाहेरून सर्व्हर थेट गाठता येत नाही. अशा वेळी स्थिर सार्वजनिक आयपी मागून घ्यावा. विंडोजच्या फाइल शेअरिंगचे पोर्ट ४४५ मात्र इंटरनेटवर कधीही उघडू नये, त्याऐवजी वायरगार्ड (बाहेरून सुरक्षितपणे जोडणारा व्हीपीएन) वापरावा. यूपीएस सर्व्हरबरोबर राउटरलाही जोडावा. बाहेरचे ग्राहक रोज फाइली मागत असतील, तर माझ्या मते भाड्याची क्लाउड जागाच घ्यावी.