वजन उतरलं, कातडी तिथंच राहिली: सर्जरीच्या आधी चौकशी कशी करायची

बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवायची पोटाची सर्जरी, करून माझं ५२ किलो वजन उतरलं, आणि तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बायका (आणि पुरुषही, फक्त ते जरा लाजत) एकच विचारून राहिल्या आहेत की पोटाची लोंबलेली कातडी काढायची तर कुठे जायचं, खर्च किती, चांगला डॉक्टर कोण. डॉक्टरचं नाव मी कोणालाच देत नाही कारण माझ्या पोटाला जमलं ते तुमच्या दंडाला जमेलच असं नाही, पण चौकशी कशी करायची ते सांगू शकते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की जिम लावली, तेल चोळलं, क्रीम लावलं की कातडी परत आत जाईल. कातडीतले कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे वर्षानुवर्षं ताणून तुटलेले असतात, व्यायामाने खालचा स्नायू बनतो, कातडी आवळत नाही. थोडीफार सैल असेल आणि वय कमी असेल तर फरक पडतो, पण हातात मुठीने धरता येईल एवढी घडी असेल तर मशीनवाल्या टाइटनिंगच्या सीटिंग्जमध्ये पैसे घालवू नका. लायपोसक्शन पण यावरचा उपाय नाही, ते चरबी काढतं, आणि रिकामी झालेली कातडी अजूनच लोंबते. म्हणजे उरलं ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हणजे सौदा आहे, कातडी जाणार आणि तिच्या जागी लांबलचक व्रण आयुष्यभर राहणार. पोटाच्या सर्जरीत तो एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो, दंडाच्या सर्जरीत काखेपासून कोपरापर्यंत, आणि नागपुरात स्लीव्हलेस घालायचे दिवस बरेच असतात त्यामुळे दंडाचा विचार दोनदा करा.

केव्हा करायची? वजन थांबल्यावर. बॅरिएट्रिक झाली असेल तर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्यायचे, आणि त्यातले शेवटचे तीन ते सहा महिने काटा एकाच जागी असला पाहिजे. किलो-दोन किलो इकडेतिकडे चालतं. काहून, तर अजून दहा किलो उतरायचे असताना पोट आवळून घेतलं तर नंतर परत सैल होणार, आणि वाढलं तर व्रण ताणला जाणार. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या आत असेल तर सर्जन खूश असतात, त्याच्या वर जखम भरायचे आणि इन्फेक्शनचे त्रास वाढतात, तरी काही जण वरच्यालाही करतात, पेशंट बघून. अजून मूल हवं असेल तर पोटाची सर्जरी बाळंतपणानंतर ठेवा, नाहीतर सगळं परत ताणलं जाईल. घरी सासूबाई काय म्हणतात ते बाजूला ठेवून हा हिशोब नवऱ्याबरोबर आधी करून घ्या.

वाट बघायचा हा काळ फुकट घालवू नका, त्रासाची नोंद ठेवा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पोटाच्या घडीत काय होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळतं. मी जुन्या धोतराचे तुकडे फाडून घडी करून ठेवले होते, सकाळी एक घडीखाली सरकवायचा, दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये तो ओला झालेला काढून दुसरा, आणि तरी संध्याकाळपर्यंत कातडी लाल होऊन सोललेली, वास वेगळाच. पावडर टाकली तर तिचा चिखल. असं होत असेल तर घरी मलम लावून गप्प बसू नका, स्किनच्या डॉक्टरला दाखवा, चिठ्ठी तारखेसकट जपून ठेवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाठ दुखते, चालताना घडी मांडीवर आपटते, हेही डॉक्टरला सांगून कागदावर येऊ द्या. हे कागद पुढे इन्शुरन्सच्या वेळेला लागतात, आणि सर्जनलाही कळतं की तुम्ही नुसतं साडी चापून बसावी म्हणून आलेला नाहीत (तेवढ्यासाठी आलात तरी काही चूक नाही, पण मग खर्च खिशातून).

आता ऑपरेशनची नावं, कारण क्लिनिकमध्ये भराभर बोलतात आणि आपण मान डोलवतो. पॅनिक्युलेक्टॉमी म्हणजे फक्त लोंबलेली घडी कापून टाकणं. टमी टक, म्हणजे अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, यात घडी जाते, सुटलेले पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि बेंबीची जागा नव्याने करतात. कातडी आडवीही सैल असेल तर मधोमध उभा काप पण घेतात. मागे-पुढे सगळीकडेच लोंबत असेल तर कमरेभोवती पूर्ण गोल काप, त्याला लोअर बॉडी लिफ्ट म्हणतात, मोठं काम आहे. याशिवाय दंड, मांड्या, छाती. सगळं एकाच दिवशी करून देतो असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. ऑपरेशन जितके तास लांबतं तितका रक्तस्राव आणि पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो, म्हणून सहसा टप्प्याटप्प्याने करतात, मध्ये तीन ते सहा महिने ठेवून. सगळ्यात जास्त त्रास कशाचा ते तुम्ही ठरवा आणि तेच आधी.

डॉक्टर शोधणं. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत फिरलात तर चार पावलांवर पाट्या आहेत, त्यात कॉस्मेटिक, एस्थेटिक, लेझर, स्लिमिंग असं सगळं एकाच पाटीवर दिसेल. पाटीवरचं मोठं अक्षर वाचू नका, नावापुढची डिग्री वाचा. एमएस जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच, किंवा प्लास्टिक सर्जरीत डीएनबी, ज्याला आता डीआरएनबी म्हणतात, यातलं एक हवंच. परदेशातली फेलोशिप, दोन दिवसांचा वर्कशॉप, भिंतीवरची सोनेरी फ्रेम हे त्याच्यावरचं लोणी आहे, खाली भाकरी पाहिजे. नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर टाकून बघा, फुकट आहे. असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडियाचे मेंबर आहेत का तेही बघता येतं. इन्स्टाग्रामवरच्या रील्सवर जाऊ नका बाप्पा, आपल्याकडे २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत डॉक्टरने पेशंट ओढायला जाहिरात करणं मुळातच बसत नाही, तरी काय चाललंय ते सगळ्यांना दिसतंय.

सरकारीमध्ये मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला, आणि मिहानच्या एम्सला प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे जळालेले, अपघातातले, कॅन्सरचे पेशंट आधी हे ओघाने आलंच, आणि ते बरोबरच आहे, पण ओपीडीत एकदा दाखवून मत घ्यायला काय जातं, तिथे पॅकेज विकायचं नसतं त्यामुळे तुम्हाला गरज आहे का हे सरळ सांगतात. प्रायव्हेटमध्ये किमान दोन ठिकाणी दाखवा. आणि धंतोलीत जायचं तर ऑटोने जा, पार्किंग शोधता शोधता अपॉइंटमेंट निघून जाते.

कन्सल्टेशनला काय बघायचं, यावर जरा थांबते. चांगला सर्जन तुम्हाला उभं करतो, बसवतो, झोपवतो, तिन्ही वेळा कातडी चिमटीत धरून बघतो, हर्नियाची शंका आली तर सोनोग्राफी किंवा सीटी सांगतो, जुने ऑपरेशनचे व्रण बघतो, कारण पित्ताशयाचा किंवा सिझेरियनचा जुना काप असेल तर तिथून रक्तपुरवठा कसा येतो यावर नवा काप ठरतो. मग मार्करने अंगावर रेघ काढून दाखवतो की व्रण इथून इथे. माझ्या वेळी डॉक्टरांनी मला माझी रोजची चड्डी तशीच ठेवायला सांगून तिच्या इलॅस्टिकच्या खाली रेघ आखली, आरसा दिला, आणि म्हणाले बघा, इथे लपेल, पण ही दोन्ही टोकं दिसणार. ती टोकं दाखवली म्हणून मला त्यांचं पटलं. त्याच्या आधी एका ठिकाणी मला डॉक्टर भेटायच्या आधीच काउन्सेलर मॅडमनी आज बुकिंग केलं तर डिस्काउंट सांगितला होता, तिथून मी चहा पण न घेता उठले.

विचारायचं काय तर सगळ्यात आधी बिघडतं काय ते विचारा. रिझल्ट किती छान येतो हे सगळेच सांगतात, बिघडतं काय आणि मग तुम्ही काय करता हे विचारलं की माणूस कळतो. कातडीखाली पाणी साचणं, ज्याला सेरोमा म्हणतात, व्रणाची टोकं किंवा मधला भाग उघडा पडणं, इन्फेक्शन, रक्त साचणं, बधिरपणा, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हे सगळं या ऑपरेशनमध्ये होऊ शकतं, आणि भरपूर वजन उतरलेल्यांमध्ये जखमेचे त्रास बाकीच्यांपेक्षा जास्त होतात. माझ्याकडे असं काही होतच नाही म्हणणारा डॉक्टर एकतर ऑपरेशन करत नाही नाहीतर खरं बोलत नाही. गुठळी होऊ नये म्हणून काय करता, इंजेक्शन देता का, त्याच संध्याकाळी चालवता का, भूल देणारे डॉक्टर ठरलेले आहेत की ऐनवेळी येतील, हॉस्पिटलमध्ये आयसीयू आणि रक्त मिळायची सोय आहे का, रात्री दोनला ताप आला तर फोन कोण उचलणार, परत टाके घालावे लागले तर पैसे कोणाचे. हे सगळं वहीत लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाही. आणि फोटो मागा, पण भरपूर वजन उतरवलेल्या पेशंटचे, बाळंतपणानंतरच्या टमी टकचे नाही, त्यातही तीन आठवड्यांचा लालबुंद व्रण आणि वर्षानंतरचा तोच व्रण दोन्ही दाखवा म्हणा. व्रण फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

स्वतःच्या शरीराची चौकशी पण करायची आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), बी१२, डी३, शुगर हे रिपोर्ट जाण्याआधीच करून घ्या, बॅरिएट्रिकनंतर, विशेषतः गॅस्ट्रिक बायपासनंतर, लोह आणि बी१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि प्रोटीन कमी असेल तर जखम भरत नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन आपल्या वरण-भातात निघत नाही, अंडी, पनीर, सोया, नाहीतर व्हे प्रोटीनची पावडर घ्यावीच लागते. वजनाचं इंजेक्शन चालू असेल, मौंजारो, वेगोव्ही वगैरे, तर भूलवाल्या डॉक्टरांना नक्की सांगा, त्याने पोट हळू रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं छातीत जायचा धोका असतो. लसणाच्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, काढे, हे पण सांगायचं, रक्त पातळ होतं.

आणि खर्रा, म्हणजे आपल्याकडचा सुपारी-तंबाखू घोटून चघळायचा प्रकार. सिगरेट सोडली हो, असं सांगणारे अर्धे लोक खर्रा मोजतच नाहीत. निकोटिन तोंडातून गेलं तरी रक्तवाहिन्या आवळतंच, ओढून शिवलेल्या कातडीच्या कडेला आधीच रक्त कमी पोहोचतं, त्यात निकोटिन आलं की ती कड काळी पडून मरते. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद, काही सर्जन लघवीची टेस्ट करून खात्री करतात. घरातल्या पुरुषाचं ऑपरेशन असेल तर पानठेल्यावाल्यालाच सांगून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. हेल्थ इन्शुरन्सच्या पॉलिसीत एक्सक्लूजनच्या, म्हणजे ज्याचे पैसे मिळत नाहीत त्या गोष्टींच्या, यादीत ०८ नंबरला कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी असते, अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका टाळायला डॉक्टरांनी लिहून दिलेली सर्जरी एवढंच त्यातून सुटतं. त्यामुळे नुसत्या टमी टकला हो म्हणणं कठीण, पण घडीखाली वारंवार इन्फेक्शन किंवा हर्निया असेल तर सर्जनचं पत्र आणि ते जुने कागद लावून इन्शुरन्स कंपनीला आधीच लेखी विचारा, फोनवर मिळालेलं हो धरू नका. सुंदर दिसण्यासाठीच्या सर्जरीवर जीएसटी लागतो, तो कोटेशनमध्ये धरलाय का बघा. कोटेशन एका आकड्यात घेऊ नका, सर्जन, भूल, ओटी, खोली, औषधं, प्रेशर गारमेंट (नंतर घालायचा घट्ट पट्टा-कपडा), ड्रेसिंग, सगळं वेगळं लिहून मागा.

महिना निवडताना उन्हाळा टाळा. नंतर सहा आठवडे तरी अंगाला घट्ट गारमेंट घालून बसायचं असतं, ते मार्चनंतर नागपुरात कूलरसमोर पण सहन होत नाही, घामाने टाके ओले राहतात. दिवाळीनंतर करा. नोकरी बसून असेल तर दोन-तीन आठवडे सुट्टी धरा, आणि सहा आठवडे पाण्याची बादली, गॅसचं सिलिंडर, लहान पोर काहीच उचलायचं नाही. पहिले काही दिवस पोट ताणलेलं असल्याने वाकून चालावं लागतं, झोपताना गुडघ्याखाली उशी. इंडियन टॉयलेटवर बसता येणार नाही, घरी वेस्टर्न नसेल तर त्याची सोय आधी.

मुंबई-पुण्याचा सर्जन घ्यायचा का, हे हमखास विचारतात. घ्या, चांगला असेल तर, पण ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढायला ठेवलेली नळी, निघेपर्यंत तिथेच राहायची सोय करा, आणि सेरोमा झाला तर सुईने पाणी काढायला पुनःपुन्हा जावं लागतं, दर खेपेला रात्रभराचा प्रवास करणार आहात का बघा. ते शक्य नसेल तर इथला एखादा प्लास्टिक सर्जन ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा की दुसऱ्याने केलेल्या केसचं ड्रेसिंग तुम्ही बघाल का. बरेच जण नाही म्हणतात.