पॅसिव्ह प्रीअँप आणि इनपुट सिलेक्टर लावताय? या चुका टाळा

पॅसिव्ह प्रीअँप म्हणजे सोर्स (सीडी प्लेअर, सेट टॉप बॉक्स वगैरे) आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मधला डबा. त्यात कुठला सोर्स ऐकायचा ते निवडणारा एक सिलेक्टर स्विच आणि एक व्हॉल्यूम पॉट (नॉबनं बदलणारा रेझिस्टन्स), बस. लाईट लागत नाही, सर्किटचा नॉईज नाही, म्हणून मला तो मनापासून आवडतो. पण त्याला स्वतःचा जोर पण नाही. मागून येणारा सिग्नल तो फक्त कमी करतो, वाढवत नाही, हे लोक विसरतात आणि आवाज मेला की स्पीकरला दोष देत बसतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चुकीचा पॉट आणि त्यात लांब केबल. जुळे सोलापूरला एका मित्राकडं गेलो तर डबा सोफ्याजवळ, पॉवर अँप टीव्हीखाली, आणि मधे भिंतीच्या कडेनं 6 मीटर केबल. "झांजा ऐकूच येईनात की ओ," म्हणून त्यानं ट्वीटर (स्पीकरमधले बारीक, उंच आवाजाचे युनिट) बदलले होते, वर कुणीतरी महाग केबल पण गळ्यात मारलेली. व्हॉल्यूम वरखाली केला की टोन पण बदलायचा, हीच खरी खूण. सगळ्या पिना काढून पॉटच्या बाहेरच्या दोन पायांवर मल्टीमीटर लावला तर 98 के (किलो-ओहम), नॉब मधोमध ठेवून मधला पाय ग्राउंडला मोजला तर 49, म्हणजे 100 केचा पॉट आणि तोही लिनियर (नॉब जेवढा फिरेल त्याच प्रमाणात रेझिस्टन्स बदलणारा).

असा पॉट सिग्नल निम्मा करतो तिथं त्याचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला बाहेर पडताना होणारा अडथळा) 25 के होतो. केबलचा कपॅसिटन्स या अडथळ्याबरोबर मिळून उंच सूर खातो. तो मीटरला 100 ते 150 पिकोफॅराड धरा, 6 मीटरला 800 च्या आसपास, अँपचा इनपुट 47 के असला तरी 12 किलोहर्ट्झलाच आवाज 3 डेसिबल पडतो. तिथं 10 केचा पॉट असता तर हीच गोष्ट 80 किलोहर्ट्झच्या वर गेली असती, कानाला कळलीच नसती. 10 केचा स्टिरिओ लॉग पॉट (कानाला आवाज सारखा वाढतोय असं वाटणारा) टाकला, डबा अँपच्या शेजारी आणला, अर्ध्या मीटरची केबल लावली आणि जुनेच ट्वीटर परत बसवले, झांजा आल्या. नवशिक्यांना घाई फार, आधी मोजायचं सोडून आधी खरेदी. (सोर्स व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या ट्यूबवाला, असेल तर मात्र 10 के जड पडू शकतो, बेस पातळ होतो, तिथं 50 के घ्या आणि केबल अजून आखूड ठेवा.)

दुसरी म्हणजे हम, स्पीकरमधून सतत येणारी घूं. साधा सिलेक्टर फक्त सिग्नलची तार बदलतो, ग्राउंड सगळ्यांचे आत जोडलेलेच राहतात, त्यामुळे सेट टॉप बॉक्स निवडलेला नसला तरी त्याचा हम सीडीवर पण येतो. मी आधी केबल टीव्हीची जाड वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघतो, हम गेला तर चोर तिथंच आहे, मग त्या लाईनला आयसोलेटर (ग्राउंडची जोड तोडून सिग्नल पुढं देणारा) लावायचा. थ्री पिनचा अर्थिंगचा पाय तोडायचा शॉर्टकट लोक बिनधास्त सांगतात, मला याची खरंच चीड येते, अँपची बॉडी करंट मारायला लागली तर जीव जाईल कुणाचा तरी. डबा प्लास्टिकचा असेल तर धातूचा करा आणि ग्राउंडला जोडा.

दोन सोर्स वाय केबलनं एकत्र जोडू नका, एकाचा आउटपुट दुसऱ्यावर लोड होतो, सिलेक्टर त्यासाठीच आहे. टर्नटेबल सरळ लावू नका, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईचं युनिट) 5 मिलिव्होल्टच्या आसपास देतं आणि सीडी प्लेअर 2 व्होल्ट, आधी हा बारीक सिग्नल वाढवणारी फोनो स्टेज लागतेच. स्पीकरचा आउटपुट या डब्यात कधीच नाही. आणि पॉवर अँप सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद, कारण या डब्यात म्यूट नसतो, सोर्सचा ठोका थेट स्पीकरवर बसतो.

सिलेक्टर फिरवताना खरखर आली किंवा एक बाजू गेली की लगेच नवा स्विच आणू नका. आपल्याकडं उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, धूळ आत येणारच. अँप बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारायचा, स्विच या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याचदा फिरवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. गंज काढायचा स्प्रे मात्र नको, तो तेलकट थर सोडतो आणि त्यावर अजून धूळ धरते.