ट्यूबलाइटभोवती पाखरं जमली की ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी

मे संपत आला की कोल्हापुरात वळीव पडतो, मातीचा वास सुटतो, घरातले सगळे दारात येऊन उभे राहतात आणि आपलं लक्ष मात्र ट्यूबलाइटकडं असतं, कारण आता तासाभरात काय येणार हे आपल्याला माहीत असतं. आमचं घर कळंब्याच्या पुढं, मागच्या बाजूला नुसता ऊस, त्यामुळं पाखरं, पतंग, भुंगेरे, दिवाळीच्या आसपास ते बारके हिरवे तुडतुडे, सगळं आमच्याकडं आधी येतं. मी पंधरा-सोळा वर्षं जूनमधली संध्याकाळ दिवे घालवून, दार लावून आत बसून काढली आहे. गेली तीन-चार वर्षं तसं करावं लागत नाही, आणि ते कसं झालं ते नीट सांगायचं म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, "काय खातंय व्हय ते तुला?" असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. ते खात नाही हे आपल्यालाही माहीत असतं. भीती चावण्याची नसतेच, ते कुठं वळेल हे कळत नाही याची असते. कुत्रा निदान सरळ येतो, पतंग आत्ता भिंतीवर, आत्ता मानेवर, आणि त्यात ती पंखांची फडफड. म्हणून मला स्वतःला सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असेल तर ते असं वेडंवाकडं का उडतं हे कळल्यानं.

रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, आणि हे किडे उडताना उजेडाकडं पाठ ठेवतात म्हणजे वर कुठं खाली कुठं ते त्यांना समजतं. लाखो वर्षं हे बरोबर चाललं. आता जवळच बल्ब आला की ते बल्बकडं पाठ करायला बघतं, त्यात तिरकं होतं, मग गोल गोल फिरत राहतं, आणि बल्बच्या बरोबर वर गेलं तर उलटं होऊन धपकन खाली पडतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी हायस्पीड कॅमेऱ्यानं हे टिपलं आणि २०२४ साली नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. म्हणजे ते तुमच्या अंगावर येत नसतं, त्याला उजेड सोडून बाहेर पडता येत नसतं आणि तुम्ही त्या उजेडाखाली उभे असता, एवढंच. मी हे वाचल्यावर पाखरू आलं की मनात म्हणायला लागले, ह्याला वरची बाजू सापडत नाहीये. भीती गेली नाही पण तिचा रंग बदलला.

आता घरातलं. दिवेलागणीच्या आधी खिडक्यांच्या जाळ्या लावा, आणि दाराबाहेरचा पांढरा एलईडी काढून पिवळसर, वॉर्म लिहिलेला, २७०० केल्विनच्या आसपासचा बल्ब लावा, निळसर-पांढऱ्या उजेडाकडं किडे जास्त येतात. दुसरं म्हणजे ऊसवाल्यांकडून शिका. हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे वळवानंतर अंधार पडताना जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर जाऊन बसतात, आणि शेतकरी त्यांच्यासाठी प्रकाश सापळा लावतात, म्हणजे एक दिवा आणि खाली घमेल्यात रॉकेल टाकलेलं पाणी. आपल्याला मारायचं नाही त्यामुळं घमेलं नको, पण एक दिवा घरापासून दहा-पंधरा पावलांवर, कंपाउंडच्या कोपऱ्यात लावून ठेवला आणि पोर्चमधला बंद केला की गर्दी तिकडं जाते. पहिल्या पावसात जी पंखवाली वाळवी थव्यानं येते तिचा जोर बहुतेक वेळा तासाभरात ओसरतो, सकाळी नुसते पंख उरतात. तेवढा वेळ घरातले दिवे कमी ठेवले तरी पुष्कळ.

एखादं आत आलंच तर आधी फॅन बंद करा. लोक उलटं करतात, फॅन मोठा करतात, मग ते वाऱ्यात सापडून आणखी कसंही भिरकावलं जातं आणि आपण किंचाळतो. फॅन बंद, खोलीतला दिवा बंद, दार किंवा खिडकी उघडी आणि बाहेरचा दिवा चालू, पाच-दहा मिनिटांत ते बाहेर जातं. बॅट घेऊन मागं लागू नका. मारल्यानं त्या दिवसापुरतं सुटल्यासारखं वाटतं पण डोकं हेच शिकतं की मारलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळी भीती तेवढीच.

एक गोष्ट महत्त्वाची, सगळेच निरुपद्रवी नाहीत आणि ते लपवून काही फायदा नाही. गांधीलमाशी, मधमाशी डंख मारते, तिथं हात न झटकता सावकाश लांब व्हायचं, आणि आग्यामोहोळ उठलं असेल तर मात्र तोंड झाकून पळायचं आणि बंद खोलीत शिरायचं. पावसाळ्यात एक बारीक, लांबट, केशरी-काळा किडा दिव्याला येतो, तो चावत नाही पण अंगावर चिरडला तर त्याच्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून फुंकर मारून उडवायचा आणि जागा साबणानं धुवायची. बाकी पतंगाच्या पंखाची पावडर डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो असं आम्हाला लहानपणी सांगायचे, तसं काही नाही, ते पंखांवरचे बारीक खवले असतात, डोळ्यात गेले तर चुरचुरेल, पाण्यानं धुवा.

आता मुख्य काम. भीती वाढते ती पळाल्यामुळं. आपण पळतो, लगेच हायसं वाटतं, आणि मन नोंद करतं की पळालो म्हणून बरं झालं. म्हणून उलट्या बाजूनं, पायरी पायरीनं जायचं. जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५८ साली ही पायऱ्यांची पद्धत पुस्तकातून मांडली, आणि भीतीला शून्य ते शंभर आकडा द्यायचा हेही त्यांचंच. वहीत लिहा. पतंग हा शब्द ऐकला तर किती, फोटो बघितला तर किती, खोलीत भिंतीवर बसलाय तर किती, अंगावर बसला तर किती. माझा फोटोला ४० होता आणि अंगावर बसण्याला १००. तिशी-चाळिशीवाल्यापासून सुरुवात करायची, एकदम शंभरवर नाही.

मी फोटोपासून केलं. रोज वीस मिनिटं, मोबाईलवर, आधी लांबून काढलेले, मग जवळचे. मग व्हिडिओ, आधी आवाज बंद करून, कारण मला फडफडीचा आवाजच सहन होत नव्हता, मग आवाजासकट. नियम एकच, आकडा निम्म्यावर आल्याशिवाय उठायचं नाही. ४० असेल तर २० होईपर्यंत बसायचं. कधी दहा मिनिटं लागतात कधी पाऊण तास, पण तो उतरतोच, आणि हे स्वतःच्या अंगावर एकदा बघितलं की मग पुढच्या पायरीला धीर येतो. श्वास हळू सोडायचा, घ्यायच्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. पण श्वास भीती घालवण्यासाठी नाही, तिथं बसून राहता यावं यासाठी. आणि ओढणी तोंडावर घेऊन बघायचं, एक डोळा मिटून बघायचं, असलं काही नको, नाहीतर मन म्हणणार ओढणी होती म्हणून निभावलं.

त्यानंतरची पायरी काचेच्या ग्लासची. दादानं भिंतीवरच्या एका पतंगावर ग्लास ठेवला, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि ते टेबलावर ठेवलं, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी दोन फरश्याच पुढं सरकले, बस. चौथ्या दिवशी ग्लाससमोर खुर्ची ओढून बसले. जवळून बघितलं तर डोक्यावर कणसाच्या रेशमासारखी लव होती, पंख शेकलेल्या भाकरीच्या रंगाचे, मध्ये करपल्यासारखे दोन ठिपके, आणि मिश्या म्हणजे अगदी बारीक पीसच. मग ते थरथरायला लागलं आणि माझे हात गार पडले. नंतर कळलं की बऱ्याच पतंगांना उडायच्या आधी अंगातले स्नायू गरम करावे लागतात, म्हणून ते जागेवर थरथरतात. ज्या थरथरीला मी एवढी वर्षं घाबरत होते ती गाडी स्टार्ट करून गरम करण्यासारखी होती. बघून झालं की लगेच बाहेर नेऊन सोडायचं, ग्लासात ताटकळत ठेवायचं नाही.

मग ग्लास स्वतः ठेवायचा, मग स्वतः बाहेर नेऊन सोडायचा, मग पोर्चमध्ये दिव्यापासून लांब पायरीवर बसायचं, मग जवळ. एखाद्या दिवशी मागं गेलात तर खालच्या पायरीवर या, सोडून देऊ नका.

गाडीवर असताना वेगळी काळजी घ्या, हे मी फार कळकळीनं सांगतेय. गगनबावडा रोडला किंवा कुठल्याही ऊसपट्ट्यात संध्याकाळी किडे तोंडावर आपटतात आणि घाबरून हात सुटला तर जिवावर बेतायचं. हेल्मेटची काच खाली, स्पीड कमी, आणि आत काही शिरलं तर हँडल घट्ट धरून इंडिकेटर देऊन कडेला थांबा, मगच हेल्मेट काढा.

घरच्यांना पण सांगते, अंगावर पाखरू टाकून भीती मोडत नाही. शाळेत वर्गातल्या पोरांनी माझ्या मानेवर एक टाकलं होतं, त्यानंतर मी कित्येक महिने खिडकीशेजारच्या बाकावर बसले नाही. पोरगं घाबरत असेल तर शेजारी बसा, पुढची पायरी कधी हे त्यालाच ठरवू द्या.

भीतीपायी शाळा, नोकरी, झोप, बाहेर जाणं अडत असेल आणि सहा महिन्यांच्या वर असंच चाललं असेल तर एकट्यानं झुंजू नका. कोल्हापुरातल्या सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ साली एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत अशा एका वस्तूच्या भीतीवर उपचार करायची पद्धत मांडली, त्यामुळं वर्षानुवर्षं खेपा घालाव्या लागतील असं समजून जायचं टाळू नका. डॉक्टरांना सरळ सांगा, मला पतंगाची भीती वाटते, मला पायऱ्या करायच्यात. त्यांना यात नवीन काही नसतं.

सुरुवात शक्यतो दिवाळी उरकल्यावर, थंडीत करा. तेव्हा किडे कमी असतात, फोटो-व्हिडिओच्या पायऱ्या निवांत होतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद-दुसरा पतंग ग्लासाला सापडतो, आणि मृग लागेपर्यंत तुम्ही पोर्चच्या पायरीवर आलेले असता.