इंटरव्हल ट्रेनिंग: आधी हळू चालायला शिका

जीव तोडून पळा, धाप लागली तरी थांबू नका, असा सल्ला कुणी दिला तर तो सोडून द्या. इंटरव्हल ट्रेनिंग म्हणजे थोडा वेळ जोर, मग थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून करायचा व्यायाम. इंटरव्हल म्हणजे मधली विश्रांती, आणि या व्यायामाचं नावच तिच्यावरून पडलंय. १९३०च्या दशकात जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांनी ही पद्धत बसवली. दोन फेऱ्यांच्या मधे धावपटूची नाडी किती लवकर उतरते, याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. ती मिनिटाला १२० पर्यंत आली की पुढची फेरी. दीड मिनिटात तेवढी उतरली नाही, तर आधीची फेरी झेपली नाही असं समजायचं.

फायदा मोठा आहे म्हणून तर एवढं पोटतिडकीने सांगतोय. एका ठोक्यात हृदय जास्त रक्त पुढे ढकलू लागतं, शरीराची ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढते, स्नायू रक्तातली साखर चांगली उचलतात. आणि हे सगळं रोज तासभर चालायला वेळ नसणाऱ्यांनाही साधतं.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, इन्सुलिन चालू असलेला मधुमेह किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालणं, सायकल, जिना, पोहणं, काहीही चालेल. सुरुवातीला दहा मिनिटं अंग गरम करा.

अगदी नवखे असाल तर ३ मिनिटं झपझप आणि ३ मिनिटं सावकाश चाला. अशा ५ फेऱ्या, म्हणजे अर्धा तास. जपानच्या शिन्शू विद्यापीठात मध्यमवयीन आणि वृद्ध मंडळींकडून हेच पाच महिने करून घेतलं, तेव्हा त्यांच्या पायांत ताकद आली आणि रक्तदाबही उतरला. हे सहज जमायला लागलं की १ मिनिट जोरात, २ मिनिटं हळू, अशा ६ फेऱ्यांवर या.

आता जोरात म्हणजे किती जोरात? मी इथेच वर्षभर अडकलो होतो. पहिली फेरी उत्साहात सुसाट जायची. मिनिटभरात रस्त्याकडेचे सात खांब मागे टाकायचो. चौथ्या फेरीत जेमतेम चार. मला वाटायचं, दमलो म्हणजे व्यायाम झाला. खरं तर पुढच्या फेऱ्यांत पायांत जोरच उरायचा नाही, त्यामुळे हृदयाला हवा तेवढा ताण मिळायचाच नाही. आता मी पहिली फेरी मुद्दाम हातचं राखून करतो. सहा खांब, आणि शेवटच्या फेरीतही सहाच. तुम्हीही एखादी खूण धरा. शेवटची फेरी पहिलीपेक्षा कमी भरली, तर पुढच्या वेळी सुरुवात हळू करा.

घड्याळातल्या नाडीच्या आकड्यांवर फार विसंबू नका. नाडी जास्तीत जास्त किती जाईल हे सांगणारं ‘२२० वजा वय’ हे सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळात फारशी वाढतच नाही. त्यापेक्षा बोलून बघा. जोराच्या मिनिटात दोन-तीन शब्द निघावेत, पूर्ण वाक्य निघू नये. हळूच्या टप्प्यात सरळ गप्पा मारता आल्या पाहिजेत. अजून येत नसतील तर आणखी मिनिटभर हळू चाला. तो वेळ वाया जात नाही.

हळू म्हणजे थांबणं नव्हे, हे मात्र मनावर घ्या. एकदा फेरी संपताच मी कठड्यावर टेकलो आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. जोरात पळताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की रक्त खालीच साचतं आणि डोक्याला कमी पडतं. म्हणून चालत राहा, शेवटची फेरी झाल्यावरही पाच मिनिटं.

आणि ती ‘चार मिनिटांत काम’ सांगणारी ताबाता पद्धत नवख्यांनी करू नये, असं माझं ठाम मत आहे. इझुमी ताबाता यांच्या १९९६च्या अभ्यासात २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती असा क्रम होता. पण तो करणारे सराव असलेले तरुण होते, तेही प्रयोगशाळेतल्या सायकलवर आणि सात-आठ फेऱ्यांत पूर्ण गळून जातील इतक्या जोराने. गुडघे दुखत असताना उड्या मारत त्याची नक्कल कशाला करायची?

आठवड्यातून दोन-तीनदाच करा, मधे एक दिवस सोडून. बाकीचे दिवस साधं चालणं. छातीत दुखलं किंवा दडपण आलं, तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

महिन्यातून एकदा शेवटच्या फेरीनंतर लगेच नाडी मोजा, चालता चालता एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि फरक वहीत लिहा. माझा फरक सुरुवातीला १८ ठोक्यांचा होता, तीन महिन्यांनी ३१ झाला. तुमचाही असा वाढायला लागला की मगच सातवी फेरी घ्या.