वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर युनिसनच्या आवृत्त्या कशा जुळवाव्यात

लिनक्स, मॅक आणि विंडोज संगणकांवरील फोल्डर एकमेकांशी जुळते ठेवण्यासाठी युनिसन हे अतिशय भरवशाचे साधन आहे. मात्र ते दोन्ही संगणकांवर असावे लागते आणि बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच असते. लिनक्सच्या स्थिर वितरणात एकच आवृत्ती दीर्घकाळ राहते, तर मॅकवर होमब्रू या सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनाने इतर पॅकेजे अद्ययावत करताना युनिसनही पुढे सरकते.

2022 मध्ये आलेल्या 2.52 च्या आधी तर आवृत्तीचा क्रमांक जुळणेही पुरेसे नसे. युनिसन ओकॅमल भाषेत लिहिलेले असून, जुन्या आवृत्त्या माहितीची देवाणघेवाण त्या भाषेच्या कंपायलरवर (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणाऱ्या साधनावर) अवलंबून असलेल्या स्वरूपात करत. त्यामुळे दोन्हीकडे 2.51 असूनही ती वेगवेगळ्या कंपायलरने बांधलेली असल्यास सिंक अडू शकत असे. 2.52 ने हे अवलंबित्व काढून टाकले, म्हणून शक्य असेल तिथे दोन्ही टोकांवर 2.52 किंवा त्यापुढचीच आवृत्ती ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आवृत्ती तपासताना दूरच्या संगणकावर लॉगिन करून पाहू नये. आपल्या संगणकावरून एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारे साधन) मार्फत थेट युनिसनची व्हर्जन कमांड चालवावी. लॉगिन केल्यावर मिळणारा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधण्याच्या फोल्डरांची यादी, आणि एसएसएचने एकच कमांड पाठवल्यावर मिळणारा पाथ पुष्कळदा वेगळा असतो. मॅकवर होमब्रूने बसवलेले युनिसन असे सापडतच नाही, किंवा दुसरीकडे पडून राहिलेली जुनी प्रत चालू होते. अशा वेळी युनिसनच्या प्रोफाइलमधील (सेटिंग्जच्या फाइलमधील) ‘सर्व्हरसीएमडी’ (servercmd) या पर्यायात हवी ती प्रत कुठे आहे तो पूर्ण पत्ता लिहावा.

आवृत्ती बदलण्यापूर्वी जुन्याच आवृत्तीने एकदा संपूर्ण सिंक करून घ्यावे आणि मगच दोन्ही टोके एकाच बैठकीत अद्ययावत करावीत. युनिसन मागील सिंकची स्थिती आर्काइव्ह फाइलमध्ये नोंदवून ठेवते. ती नोंद नाहीशी झाली, तर एका बाजूला नसलेली फाइल मुद्दाम काढली आहे की दुसऱ्या बाजूला नव्याने आली आहे, हे त्याला ओळखता येत नाही. मग पूर्वी काढून टाकलेल्या फाइली परत येतात आणि दोन्हीकडे वेगळ्या असलेल्या फाइली संघर्ष म्हणून समोर उभ्या राहतात. आधी पूर्ण सिंक झालेले असेल, तर नोंदी नव्याने तयार कराव्या लागल्या तरी वेळ तेवढा जातो, माहिती जात नाही.

आवृत्त्या जुळूनही काही फाइली अडत असतील, तर त्यांची नावे पाहावीत. विंडोजवर नावात कोलन चालत नाही, आणि केवळ लहान-मोठ्या रोमन अक्षरांनी वेगळी असलेली दोन नावे विंडोज व मॅक सहसा एकच समजतात. अशी नावे लिनक्सच्या बाजूलाच बदलून पुन्हा सिंक करावे.