फायनल फॅन्टसी ८ : लेव्हल न वाढवता ताकद कशी वाढवावी

फेब्रुवारी १९९९ मध्ये स्क्वेअर कंपनीने प्लेस्टेशनसाठी काढलेला 'फायनल फॅन्टसी' या भूमिका-खेळांच्या (आरपीजी) मालिकेचा आठवा भाग आता २०१९ च्या रीमास्टर्ड आवृत्तीमुळे प्लेस्टेशन ४, स्विच, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर खेळता येतो. आधीचे सात भाग खेळलेले नसले तरी काही बिघडत नाही, कारण या मालिकेतील क्रमांकित भागांच्या कथा एकमेकींवर अवलंबून नाहीत. उलट आधीचे भाग कोळून प्यायलेले खेळाडूच येथे जास्त फसतात. दिसेल तो राक्षस मारायचा, लेव्हल वाढवायची आणि मगच पुढचा बॉस गाठायचा ही त्यांची जुनी सवय या भागात अंगाशी येते.

सुरुवातीचे काम चुटकीसरशी होते. वर्गात नायक स्क्वॉलच्या बाकावरील संगणक उघडून क्वेझाकोट्ल आणि शिवा हे दोन गार्डियन फोर्स (जीएफ, म्हणजे लढाईत मदतीला बोलावता येणाऱ्या शक्ती) ताब्यात घ्यावेत. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टजवळ उभा असलेला विद्यार्थी खेळातल्या पत्त्यांच्या डावासाठी पत्ते देतो, तेही घ्यावेत. फायर कॅव्हर्नमध्ये शिवाला सोबत ठेवले, तर तिथल्या इफ्रितला हरवणे अवघड नाही, आणि हरल्यावर तोही गार्डियन फोर्स म्हणून मिळतो.

यानंतर लगेच गार्डियन फोर्सच्या मेनूत जाऊन प्रत्येकाने आधी काय शिकायचे ते आपल्या हाताने ठरवावे. खेळ स्वतःहून लावून देतो तो क्रम कामाचा नाही. क्वेझाकोट्लला प्रथम 'कार्ड', मग 'कार्ड मॉड' आणि 'टी मॅग-आरएफ' शिकवावे, शिवाला 'आय मॅग-आरएफ' आणि इफ्रितला 'एफ मॅग-आरएफ' ('आरएफ' म्हणजे रिफाइन, वस्तूंपासून मंत्र करणे). आकडेमोडीच्या कंटाळ्याने हा मेनू न उघडणारे खेळाडू पहिली डिस्क, म्हणजे खेळाच्या चार टप्प्यांतील पहिला, संपताना रडकुंडीला येतात.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जंक्शन. या खेळात पात्राची ताकद प्रामुख्याने लेव्हलमधून येत नाही, शस्त्रांतूनही फारशी येत नाही. ती येते पात्राच्या गुणांना जोडलेल्या मंत्रांमधून. एका पात्राजवळ एका मंत्राचे जास्तीत जास्त १०० नग राहतात, आणि ते एचपी (जीवनशक्ती), स्ट्रेंग्थ (वाराची ताकद), मॅजिक (जादूची ताकद) अशा एखाद्या गुणाला जोडले की तो गुण मंत्राच्या प्रतीनुसार आणि नगांच्या संख्येनुसार वाढतो. कोणता गुण जोडता येईल हे त्या पात्राला दिलेल्या गार्डियन फोर्सवर ठरते: इफ्रितकडे एचपी आणि स्ट्रेंग्थ, शिवाकडे स्ट्रेंग्थ, क्वेझाकोट्लकडे एचपी आणि मॅजिक. जोडलेला मंत्र लढाईत वापरला की नग कमी होतात आणि गुणही घसरतो, म्हणून जोडलेल्या मंत्राला लढाईत हात लावू नये.

दुसरीकडे, सामान्य शत्रूंची लेव्हल तुमच्या पार्टीच्या सरासरी लेव्हलवरून ठरते. तुम्ही वाढलात की तेही वाढतात, त्यांची एचपी फुगते, आणि जंक्शन कच्चे असेल तर तासन्तास केलेली मेहनत शत्रूच्याच पथ्यावर पडते. 'अडकलात तर थोडे ग्राइंड करा', म्हणजे राक्षस मारत लेव्हल वाढवा, हा सल्ला देणाऱ्याने हा खेळ शेवटपर्यंत खेळलेला असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

तितकाच वाईट दुसरा सल्ला म्हणजे प्रत्येक शत्रूकडून प्रत्येक मंत्र १०० होईपर्यंत 'ड्रॉ' करत, म्हणजे लढाईत ओढून घेत, बसणे. याने मंत्र मिळतात खरे, पण एकाच वटवाघळासमोर अर्धा तास उभे राहून तेच बटण दाबत राहिल्यावर माणूस खेळ बंद करतो आणि पुन्हा उघडत नाही. ड्रॉ करावा तो बॉसकडून गार्डियन फोर्स मिळवण्यासाठी: डॉलेट शहराच्या मनोऱ्यावर एल्वोरेटकडून सायरन घ्यायला विसरू नये. बाकी मंत्र वस्तूंपासून तयार करावेत. वर शिकवलेल्या 'आरएफ' क्षमता त्यासाठीच आहेत.

एक उदाहरण नीट पाहावे. बालांबच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूतून नुसता पर बाहेर काढून फिरणारा फॅस्टिटोकॅलॉन-एफ भेटतो. त्याच्याकडून फिश फिन मिळते. शिवाच्या 'आय मॅग-आरएफ'ने एका फिनचे वॉटर मंत्राचे २० नग होतात, म्हणजे पाच फिनमध्ये एका पात्राचे १०० पूर्ण. हे वॉटर स्ट्रेंग्थला जोडून डॉलेटला गेलेला स्क्वॉल आणि नुसत्या फायरवर गेलेला स्क्वॉल यांच्या घावांतला फरक पहिल्याच लढाईत दिसतो. त्यापुढची पायरी सायरनची. तिच्या 'एल मॅग-आरएफ'ने एका तंबूचे क्युरागा मंत्राचे १० नग होतात. दुकानात तंबू १००० गिलला (गिल हे खेळातले चलन) मिळतो, त्यामुळे १०,००० गिलमध्ये १०० क्युरागा तयार होतात आणि ते एचपीला जोडले की तब्बल २२०० एचपी वाढते, तीही पात्रांची मूळ एचपी हजाराच्या आत असताना. मंत्र कोणाच्या खात्यात जाणार ते रिफाइन करतानाच विचारले जाते, तेव्हा घाईत चुकीच्या नावावर बोट ठेवू नये.

पैशांसाठी राक्षस मारत फिरण्याची गरज नाही. सीड, म्हणजे पगारी भाडोत्री सैनिक, झाल्यावर ट्यूटोरियलच्या मेनूतील लेखी परीक्षा द्याव्यात. प्रत्येकीत होय-नाही स्वरूपाचे १० प्रश्न असतात, सगळे बरोबर आले की श्रेणी एकाने चढते आणि श्रेणीबरोबर पगारही. स्क्वॉलच्या लेव्हलइतक्याच क्रमांकापर्यंतच्या परीक्षा देता येतात.

लेव्हल न वाढवता क्षमता शिकायच्या तर 'कार्ड' वापरावे. शत्रूची एचपी बरीच खाली आणून त्याचा पत्ता केला की अनुभवाचे गुण मिळत नाहीत, पण गार्डियन फोर्सना क्षमता शिकायला लागणारे एपी हे गुण मात्र मिळतात, आणि तो पत्ता 'कार्ड मॉड'ने मोडून वस्तू करता येते. ॲबिस वर्मच्या एका पत्त्याची एक विंडमिल होते आणि 'टी मॅग-आरएफ'ने तिचे टॉर्नेडो मंत्राचे २० नग. दुसऱ्या डिस्कच्या आधी स्ट्रेंग्थला टॉर्नेडो जोडलेला असणे म्हणजे चैन आहे, आणि ती जरूर करावी.

टिंबर शहराला निघण्यापूर्वी स्क्वॉलच्या शाळेचे मुख्याध्यापक सिड जादूचा दिवा देतात. सेव्ह करूनच तो वापरावा, कारण आतून निघणारा डायब्लोस तयारी नसलेल्यांना सहज लोळवतो. जिंकल्यावर तोही गार्डियन फोर्स होतो, आणि त्याला 'एन्क-नन' ही क्षमता शिकवली की नको असलेल्या लढाया पूर्ण थांबतात.

गार्डियन फोर्सना प्रत्येक वळणावर बोलावण्याचा मोह पहिल्या काही तासांपुरता ठीक आहे. पुढे जंक्शन पक्के झाल्यावर साधा वार त्यांच्या लांबलचक ॲनिमेशनपेक्षा लवकर काम संपवतो. स्क्वॉलच्या वाराला मात्र बोट तयार ठेवावे: त्याची तलवार, गनब्लेड, शत्रूला टेकते नेमक्या त्या क्षणी आर१ बटण दाबले तर घाव जास्त बसतो. रीमास्टर्ड आवृत्तीतील तिप्पट वेग बिनदिक्कत वापरावा. लढाईत एचपी भरून देणारी मदत मात्र बंदच ठेवावी, नाहीतर जंक्शन शिकण्याचे कारणच उरत नाही.

चौथ्या डिस्कवर बहुतेक शहरांचे दरवाजे बंद होतात, म्हणून तंबूंची खरेदी आणि पत्त्यांचे डाव तिसऱ्या डिस्कवरच उरकावेत. अंतिम शत्रू अल्टिमेशिया हिच्या किल्ल्यात शिरताच आयटम, मॅजिक, जीएफ, ड्रॉ, कमांड ॲबिलिटी, लिमिट ब्रेक (एचपी कमी असताना करता येणारा खास जोरदार वार), मृत साथीदाराला उठवणे आणि सेव्ह या आठही गोष्टींना कुलूप लागते, आणि एकेक बॉस पडला की एकेक उघडता येते. पहिल्यांदा लिमिट ब्रेक उघडावे, मग उठवण्याची सोय, आणि त्यानंतर सेव्ह. ड्रॉ शेवटी उघडला तरी चालेल, कारण तोपर्यंत प्रत्येकाचे कोठार भरलेले असते.