बकेट फोल्डरसारखी माउंट करायचीय? नवीन मंडळींसाठी थोडं अनुभवाचं

मी ऐरोलीत क्लाउड सपोर्टला आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून येणारी नवी पोरं टीममध्ये आली की लवकरच एक प्रश्न हमखास येतो, "सर, एस-थ्रीची बकेट सरळ ड्राइव्हसारखी दिसली तर?" (एस-थ्री म्हणजे अमेझॉनचं क्लाउड स्टोरेज, बकेट म्हणजे त्यातला फाइली ठेवायचा एक डबा, आणि ती कॉम्प्युटरला ड्राइव्हसारखी जोडणं म्हणजे माउंट करणं.) दिसते की! त्यासाठी टूल्स आहेत, लिनक्सवर एस-थ्री-एफएस नाहीतर आरक्लोन, विंडोजवर आरक्लोन आणि सोबत विनएफएसपी, झालं. माउंट करणं चहा गार व्हायच्या आत होतं, डोकेदुखी पुढे असते.

समजा 'जाने' नावाच्या फोल्डरात दहा हजार इनव्हॉइसच्या पीडीएफ आहेत आणि तुम्ही नाव बदलून 'जानेवारी' केलं. आपल्या डिस्कवर हे चुटकीसरशी होतं, पण साध्या बकेटमध्ये खरा फोल्डर नसतोच, 'जाने/००१.पीडीएफ' हे अख्खं त्या ऑब्जेक्टचंच (बकेटमधली एक फाइल म्हणजे एक ऑब्जेक्ट) नाव, म्हणजे आता एकेक ऑब्जेक्ट नव्या नावाने कॉपी आणि जुना डिलीट, असं दहा हजारदा, आणि मधेच नेट गेलं तर अर्धे इकडे नि अर्धे तिकडे. लॉग फाइलचंही तेच, शेवटी एक ओळ वाढवायची तरी ऑब्जेक्ट नव्याने लिहावा लागतो. म्हणून माउंटवर डेटाबेस ठेवायचा विचारही करू नका. अमेझॉनने २०२३ मध्ये माउंट करायचं स्वतःचं टूल, माउंटपॉइंट, आणलं, त्यात आधीच्या फाइलमध्ये मधेच काही बदलायला गेलं तर ते चक्क एरर देतं, मला ते आवडतं, उगाच जमतंय असं दाखवण्यापेक्षा बरं.

मग वापरायचं कुठे? बॅकअप टाकायला, मोठे व्हिडिओ नाहीतर डेटासेट वाचायला, जुन्या सॉफ्टवेअरला फक्त फोल्डरच कळतो तिथे. एवढंच.

आरक्लोनला व्हीएफएस कॅश मोड (लिहिलेलं आधी आपल्या डिस्कवर ठेवायची सेटिंग) 'राइट्स' द्या, नाहीतर बरीच सॉफ्टवेअर सेव्ह करतानाच अडतात. पण मग फाइल आधी तुमच्याच डिस्कवर पडते आणि बंद केल्यावर ५ सेकंदांनी अपलोड सुरू होतं (डिफॉल्ट तेवढा आहे), त्यामुळे सेव्ह केलं, लॅपटॉप मिटला आणि स्टेशनला पळालो असं केलंत तर फाइल वर गेलेलीच नसणार. ती जात नाही कुठे, त्याच फ्लॅग्जने (म्हणजे कमांडच्या त्याच सेटिंग्जने) परत माउंट केलं की अपलोड होते, पण तोवर पलीकडचा माणूस तुमच्या नावाने शंख करतो.

बिलाचं बघा हं. फोल्डर उघडला की लिस्ट रिक्वेस्ट, थंबनेल बनवायला गेट रिक्वेस्ट, आणि रिक्वेस्टचे पैसे वेगळे लागतात. लिनक्सवर अपडेट-डीबी (फाइली शोधायला यादी बनवणारा प्रोग्राम) रात्री सगळी डिस्क धुंडाळतं, त्यात माउंटही येऊ शकतो, म्हणून त्याच्या कॉन्फिगमध्ये तो वगळा. अँटीव्हायरसचंही तेच.

प्रॅक्टिससाठी मुंबई रीजनमध्ये छोटी बकेट बनवा, रूटची (म्हणजे मुख्य खात्याची) की अजिबात वापरू नका, त्या एका बकेटपुरता आयएएम युजर (मोजक्या परवानग्यांचा वेगळा युजर) बनवा. एस-थ्री-एफएसच्या पासवर्ड फाइलला (जिच्यात की ठेवतो ती) परमिशन ६०० द्या, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते, इतरांना वाचता येत असेल तर ते चालूच होत नाही. मग आरक्लोन डबल-व्ही (-vv, सविस्तर लॉगसाठी) लावून चालवा, दुसऱ्या टर्मिनलमधून एखाद्या फोल्डरचं नाव बदला आणि लॉगमध्ये एकेक फाइल सरकताना बघत बसा. इंटरव्ह्यूत "माउंट आणि डिस्कमध्ये फरक काय" विचारलं की पाठ केलेल्या व्याख्येऐवजी हे बघितलेलं सांगा, मी पॅनेलवर असलो तर मला तेवढं पुरतं.